सी भाषेत उतरणारा कंपायलर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी स्वतःची छोटी भाषा करू पाहणारी मुलंमुली आणि ठिबकचे, पंपाचे कंट्रोलर जुळवणारे कारागीर, अशा दोघांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी ‘पाळी’ नावाची एक काल्पनिक नियम-भाषा धरली आहे. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती वेळ पाणी सोडायचं, मध्येच वीज गेली तर काय करायचं, एवढंच तिच्यात लिहिता येतं. तिचा कंपायलर सी भाषेतला मजकूर बाहेर टाकतो. पुढचं काम जीसीसीसारखा तयार कंपायलर करतो. सीचे शब्द इथे देवनागरीत दिले आहेत, फाइलीत ते अर्थातच रोमन लिपीत जातील.

थेट मशीन कोड न काढता सी का काढायची?

कारण मशीन कोड (चिपला थेट कळणारे आदेश) काढायचा म्हटलं की रजिस्टर वाटप (कोणती किंमत चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायची), कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शनला किमती कशा द्यायच्या याचे संकेत), ऑब्जेक्ट फाइलचा साचा, लिंकर हे सगळं प्रत्येक चिपसाठी वेगळं करावं लागतं. आज आर्डुइनो उनोवरचा एटीमेगा३२८पी, उद्या ईएसपी३२, परवा कोणी जुनी ८०५१ घेऊन येतो. तिघांचे आदेश वेगळे, पण तिघांसाठी सी कंपायलर तयार आहेत: पहिल्यासाठी एव्हीआर-जीसीसी, दुसऱ्यासाठी कंपनीने दिलेलं जीसीसी, तिसऱ्यासाठी एसडीसीसी. तुम्ही पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग), टाइप तपासणी आणि सी छापणारा भाग लिहिलात की तिन्ही दारं उघडतात.

परीक्षक म्हणतात, हा कंपायलर नाही, नुसता भाषांतर करणारा प्रोग्राम आहे. काय उत्तर द्यावं?

तुमचा प्रोग्राम चुका स्वतः पकडतो का, हे सांगा. ‘पाळी’त मिनिटांच्या जागी लिटर लिहिले आणि चूक तुमच्या कंपायलरने, तुमच्या भाषेच्या शब्दांत, तुमच्या फाइलीची ओळ सांगून दाखवली, तर तो कंपायलर आहे. तीच चूक पुढे जीसीसीने सीच्या भाषेत सांगितली, तर तो मॅक्रो बदलणारा (अर्थ न तपासता एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारा) प्रीप्रोसेसर आहे आणि परीक्षकांचं बरोबर आहे. सी प्लस प्लसचा पहिला कंपायलर सीफ्रंट हा बेल लॅब्जमध्ये ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुपने लिहिला आणि तो सीच बाहेर काढत असे. त्याला प्रीप्रोसेसर म्हटलेलं स्ट्रूस्ट्रुपला अजिबात मान्य नव्हतं, ते याच कारणाने.

याचा सरळ नियम: तुमच्या कंपायलरने मंजूर केलेल्या प्रोग्रामवर सी कंपायलरने एकही चूक दाखवता कामा नये. दाखवली, तर दोष वापरणाऱ्याचा नाही, तुमचा.

आणखी कोणी हा मार्ग धरला आहे?

पुष्कळांनी. निम, वाला, आयफेल, मर्क्युरी, चिकन स्कीम, गॅम्बिट स्कीम या सगळ्या भाषा सीमधून जातात. सायथॉनही तेच करतो. टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर मुळात पास्कलच्या एका प्रकारात लिहिलेलं आहे आणि आजही बहुतेक ठिकाणी वेब२सी वापरून त्याची सी करून मगच ते बांधलं जातं. प्रयोगशाळेत याक किंवा बायसन चालवलं असेल, तर सी काढणारा प्रोग्राम तुम्ही आधीच वापरला आहे.

परत फिरलेलेही आहेत. हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरमध्ये सीचा मार्ग होता, पण हवा तसा कोड मिळेना म्हणून जीसीसीने काढलेली असेंब्ली पर्लच्या एका स्क्रिप्टने कापून-जोडून घ्यावी लागे. त्या स्क्रिप्टचं नावच ‘ईव्हिल मँगलर’ होतं. पुढे नेहमीच्या वापरासाठी तो मार्ग सोडून दिला गेला. सीफ्रंटची चौथी आवृत्तीही अपवाद-हाताळणी सीमध्ये नीट बसवता येईना म्हणून १९९३मध्ये सोडावी लागली.

मग एलएलव्हीएम का नको?

एलएलव्हीएम म्हणजे अनेक चिपसाठी मशीन कोड काढून देणारं तयार साधन. ते नको असं नाही. मोठ्या संगणकावर चालणारी भाषा असेल, डिबगरमध्ये व्हेरिएबलं नीट दिसायला हवी असतील, कचरा (न लागणारी मेमरी) गोळा करणाऱ्याला स्टॅकवरचे पॉइंटर नेमके माहीत असायला हवे असतील, तर एलएलव्हीएम बरं. पण त्याचा आय-आर (ज्या मधल्या भाषेत त्याला प्रोग्राम द्यायचा ती) आणि एपीआय आवृत्तीगणिक बदलतो. दोन वर्षांनी तुमच्या ज्युनिअर तुकडीने प्रकल्प उघडला की आधी दुरुस्तीच करावी लागते. सी९९मध्ये काढलेला मजकूर तसाच चालतो. शिवाय चुकलं कुठे हे बघायला निघालेली फाइल एडिटरमध्ये उघडून वाचता येते, आणि शिकणाऱ्याला याचा उपयोग फार मोठा आहे. मधला मार्ग हवा असेल तर क्यूबीई हा छोटा बॅकएंड (शेवटचा कोड काढणारा भाग) पाहा. पण एव्हीआर आणि ८०५१ त्याच्या आवाक्यात नाहीत.

सीची कोणती आवृत्ती धरावी?

सी९९. ठरावीक रुंदीचे प्रकार (इंट३२_टी, यूइंट१६_टी वगैरे) त्यात अधिकृतपणे आले. नुसता ‘इंट’ निघालेल्या मजकुरात कुठेही येऊ देऊ नका.

आर्डुइनोवाल्यांची एक नेहमीची अडचण: ‘.इनो’ फाइल सी प्लस प्लस म्हणून कंपाइल होते. तुमचा मजकूर तिच्यात चिकटवला की व्हॉइड पॉइंटर आपोआप बदलत नाही म्हणून चूक, गोटू एखाद्या व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमतीवरून उडी मारतो म्हणून चूक. निघालेली फाइल ‘.सी’ याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘.इनो’मधून तिची फंक्शनं एक्स्टर्न-सी (ही सीची फंक्शनं आहेत असं सांगणारी खूण) म्हणून जाहीर करून बोलवा. मिलिस (चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं), डिजिटलराइट (पिन चालू-बंद करणारं) ही फंक्शनं सीमधून चालतात. सिरिअल (संगणकाशी बोलायची सोय) चालत नाही, कारण ती सी प्लस प्लसची वस्तू आहे. तिच्यासाठी ‘.इनो’मध्ये एक छोटं फंक्शन ठेवा.

निघालेली सी कशी दिसायला हवी?

कंटाळवाणी. एका ओळीत एकच क्रिया, प्रत्येक मधल्या उत्तराला स्वतःचं तात्पुरतं व्हेरिएबल: त१, त२, त३. वापरणाऱ्याने लिहिलेली लांबलचक राशी जशीच्या तशी सीच्या राशीत उतरवण्याचा मोह होतो, तो टाळा. कारण फंक्शनला दिलेल्या किमती कोणत्या क्रमाने काढायच्या हे सी सांगत नाही. ‘फरक(ओल_वाच(१), ओल_वाच(२))’ असं छापलंत तर क्लँग (दुसरा एक सी कंपायलर) डावीकडून वाचतो, जीसीसी पुष्कळदा उजवीकडून. दोन सेन्सर एकाच तारेवर असतील तर वाचनाचा क्रम बदलला की आकडे बदलतात, आणि हा दोष लॅपटॉपवर दिसत नाही, बागेत दिसतो. म्हणून:

त१ = ओल_वाच(१);
त२ = ओल_वाच(२);
त३ = फरक(त१, त२);

शेकडो तात्पुरती व्हेरिएबलं झाली म्हणून मेमरी संपत नाही. ऑप्टिमायझर (कोड आटोपशीर करणारा सी कंपायलरचा भाग) त्यांना रजिस्टरांत जिरवतो. आर्डुइनोची व्यवस्था ‘-ओएस’ (कोडचा आकार लहान ठेव) हा पर्याय वापरते, तेवढा पुरतो. ‘-ओ०’ वर (ऑप्टिमायझर बंद असताना) मात्र स्टॅक फुगतो.

‘आणि’, ‘किंवा’ यांचं काय? उजवी बाजू गरज असेल तरच काढायची, असं तुमच्या भाषेत ठरलं असेल तर तिथे इफ आणि लेबल छापा. तात्पुरत्या व्हेरिएबलांच्या नादात दोन्ही बाजू आधीच काढून मग ‘&&’ लावणं ही सर्रास होणारी चूक आहे.

साधी बेरीज-गुणाकार चुकतो. असं का?

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट. एव्हीआरवर ‘इंट’ १६ बिटांचा असतो. त्यात ३२७६७पेक्षा मोठा आकडा मावत नाही. मिनिटाचे मिलिसेकंद काढायला ‘६० * १०००’ असं छापलंत की उत्तर ६०००० हवं, पण दोन्ही आकडे ‘इंट’ असल्याने गुणाकार आधीच ओसंडतो. डाव्या बाजूला ३२ बिटांचं व्हेरिएबल असून उपयोग नाही. उपाय: स्थिर आकड्यांचे हिशेब तुमच्या कंपायलरनेच करावेत, आणि छापताना प्रत्येक आकड्याला यूइंट३२_सी किंवा इंट३२_सी या मॅक्रोत गुंडाळावं.

दुसरी गोष्ट याच्या उलट्या बाजूने येते. दोन यूइंट१६_टी आकड्यांचा गुणाकार एव्हीआरवर बिनधोक आहे, तो १६ बिटांत गुंडाळला जातो. तीच ओळ ईएसपी३२वर नेली की दोन्ही आकडे आधी ३२ बिटांच्या चिन्हासहित ‘इंट’मध्ये बदलतात, ६५५३५ गुणिले ६५५३५ त्यात मावत नाही, आणि चिन्हासहित आकडा ओसंडणं ही सीमध्ये ‘अनडिफाइन्ड बिहेव्हियर’ आहे (काय घडेल हे सी ठरवूनच देत नाही). म्हणजे छोट्या चिपवर बरोबर असलेली ओळ मोठ्या चिपवर बेभरवशाची होते.

या दोन्हींवर एकच औषध: कोणतीही अंकगणिती क्रिया सीच्या चिन्हाने थेट छापू नका. प्रत्येक क्रियेला स्वतःचं स्टॅटिक इनलाइन फंक्शन द्या. बेरीज_इ३२ हे फंक्शन दोन्ही आकडे यूइंट३२_टीमध्ये बदलतं, मिळवतं आणि उत्तर परत इंट३२_टी करतं. बिनचिन्हाच्या आकड्यांचं गुंडाळणं सीमध्ये पक्कं ठरलेलं आहे, आणि परतीचा बदल जीसीसी व क्लँग दोघेही अपेक्षेप्रमाणे करतात. वेग जात नाही. निघतो तो एकच बेरजेचा आदेश. ओसंडल्यावर गुंडाळण्याऐवजी चूक दाखवायची असेल तर जीसीसी ५पासून मिळणारं बिल्टइन_अ‍ॅड_ओव्हरफ्लो त्याच फंक्शनात घाला. भाषेचा अर्थ एका हेडर फाइलीत राहतो, इथेतिथे विखुरत नाही.

उणे आकडे छापतानाही जपा. -२१४७४८३६४८ असा आकडा सीमध्ये नसतोच. २१४७४८३६४८ हा आकडा आणि त्यापुढे उणे, असं ते वाचलं जातं, आणि तो आकडा ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये मावत नाही. (-२१४७४८३६४७ - १) असं छापा.

भागाकार शून्याने झाला तर?

इंटेल-एएमडीच्या संगणकावर लिनक्स प्रोग्राम सिग-एफपीई हा चूक-संकेत देऊन मारतं. ६४ बिटांच्या एआरएमवर उत्तर शून्य येतं. रिस्क-फाइव्हवर सगळे बिट १ येतात, म्हणजे -१. मूळ ईएसपी३२ अपवाद उठवून रीसेट होतो. एव्हीआरवर काहीच थांबत नाही, काहीतरी आकडा येतो आणि व्हॉल्व्ह तेवढा वेळ उघडा राहतो. त्यातून सी कंपायलर असंही धरून चालतो की शून्याने भागलं जाणारच नाही. म्हणून भागाकाराच्या फंक्शनात दोन तपासण्या हव्यात: भाजक शून्य आहे का, आणि सगळ्यात लहान उणे आकड्याला -१ने भागत आहोत का. दुसरी विसरली जाते. ती इंटेलवर तितकीच मारक आहे.

शिफ्टचंही तसंच. ३२ बिटांचा आकडा ३२ किंवा जास्त घरं सरकवणं सीमध्ये ठरलेलं नाही. ३१शी ‘अँड’ करायचं की उत्तर शून्य धरायचं, हे तुम्ही ठरवा आणि फंक्शनात लिहा.

‘-ओ०’वर चालतं, ‘-ओ२’वर (जास्त ऑप्टिमायझेशन) बिघडतं. जीसीसीत बग आहे का?

बहुधा नाही. सीला असेंब्ली समजून मजकूर काढला की हे होतं. सीचे स्वतःचे नियम आहेत, आणि ते तुम्ही पाळले आहेत असं गृहीत धरून ऑप्टिमायझर कोड उडवतो. नेहमीचे गुन्हेगार तीन: वर सांगितलेलं ओसंडणं, एका प्रकारच्या पॉइंटरमधून दुसऱ्या प्रकारची मेमरी वाचणं, आणि न भरलेलं व्हेरिएबल वाचणं. दुसऱ्यावर उपाय म्हणून बिट जसेच्या तसे हलवायला मेमकॉपी वापरा. चार बाइटांची मेमकॉपी एका आदेशात उतरते. तिसऱ्यासाठी प्रत्येक व्हेरिएबल जाहीर करतानाच शून्याने भरा.

‘एफ-रॅप-व्ही’ (ओसंडलेला आकडा गुंडाळायला लावणारा) आणि ‘एफ-नो-स्ट्रिक्ट-एलिअसिंग’ (दुसऱ्या प्रकारच्या पॉइंटरमधून वाचणं चालवून घेणारा) हे पर्याय लावा, पण कमरेचा दुसरा पट्टा म्हणून. बांधणीची स्क्रिप्ट दुसऱ्या कोणी लिहिली आणि पर्याय गळले की प्रोग्राम गुपचूप बदलतो. मजकूर स्वतःच्या पायावर बरोबर असावा.

दशांश आकड्यांत आणखी एक गोम. गुणाकार आणि बेरीज एकत्र करणारा आदेश असलेल्या चिपवर जीसीसी आपल्या नेहमीच्या मोडमध्ये दोन्ही जोडतो आणि शेवटचा अंक बदलतो. सगळीकडे तेच उत्तर हवं असेल तर ‘एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ लावा. आकडा छापताना डबलसाठी १७ सार्थ अंक द्या. एव्हीआर-जीसीसीत डबल मुळातच ३२ बिटांचा धरला जातो, हे लक्षात असू द्या. ‘पाळी’सारख्या भाषेला खरं तर दशांश लागतच नाहीत: मे महिन्यात भुसावळला पारा ४५.६ झाला तर ४५६ लिहा आणि पूर्णांकांत हिशेब करा.

थांब ३० मिनिटं, अशी आज्ञा सीमध्ये कशी उतरवायची?

डिले फंक्शनने नक्कीच नाही. एक व्हॉल्व्ह थांबला की बाकीचेही थांबतात आणि बंद करायचं बटणही ऐकू येत नाही.

प्रत्येक नियमाचं स्टेट मशीन (आपण कुठल्या टप्प्यावर आहोत हे लक्षात ठेवणारी रचना) करा. नियमाला एक स्ट्रक्ट द्या. त्यात ‘अवस्था’ हा आकडा, ‘सुरुवात’ हा यूइंट३२_टी, आणि थांबण्याच्या पलीकडे लागणारी सगळी व्हेरिएबलं. नियमाचं फंक्शन म्हणजे अवस्थेवरचा एक स्विच. ‘थांब’ आलं की पुढचा अवस्था-क्रमांक लिहायचा, सुरुवात = मिलिस() करायचं आणि रिटर्न. मुख्य लूप सगळ्या नियमांची फंक्शनं आळीपाळीने बोलवतो. अ‍ॅडम डंकेल्सच्या प्रोटोथ्रेड्सनी हीच युक्ती मॅक्रोंनी केली, पण तिथे स्थानिक व्हेरिएबलं थांबल्यावर हरवतात आणि आत दुसरा स्विच वापरताना जपावं लागतं. तुम्ही कंपायलर लिहिता आहात, म्हणून कोणतं व्हेरिएबल थांबण्याच्या अलीकडे भरलं आणि पलीकडे वाचलं हे तुम्हाला कळतं. तेवढीच स्ट्रक्टमध्ये टाका. बाकीची स्थानिक राहू द्या. शंका असेल तर सगळी टाका, पण एटीमेगा३२८पीची रॅम २ केबी आहे हे विसरू नका.

वेळेची तुलना ‘मिलिस() - सुरुवात >= मुदत’ अशीच छापा. ‘मिलिस() >= सुरुवात + मुदत’ असं छापलं तर ४९.७ दिवसांनी मिलिस शून्यावर येतं तेव्हा एखादा व्हॉल्व्ह भलत्या वेळी बंद होतो किंवा उघडाच राहतो. वजाबाकीच्या रूपात बिनचिन्हाचं गुंडाळणं आपोआप सांभाळलं जातं.

शेतीची वीज पाळीपाळीने येते. वीज गेल्यावर अवस्था कशी टिकवायची?

भाषेत ‘टिकाऊ’ असा व्हेरिएबलचा प्रकार ठेवा आणि तो ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) उतरवा. एटीमेगा३२८पीत ती १ केबी आहे आणि एका जागेवर साधारण १,००,००० वेळा लिहिण्याची हमी असते. ‘झालेली मिनिटं’ दर मिनिटाला एकाच जागी लिहिलीत तर ही हमी ७० दिवसांच्या आत संपते. म्हणून कंपायलरने ईईप्रॉम_अपडेट प्रकारचीच फंक्शनं छापावीत (किंमत बदलली तरच ती लिहितात), दहा मिनिटांतून एकदाच लिहावं, आणि जागा फिरत्या ठेवाव्यात. स्ट्रक्टच्या सुरुवातीला मांडणीचा क्रमांक आणि शेवटी चेकसम (बाइट बिघडले का ते कळवणारा आकडा) ठेवा: नियम बदलून नवा प्रोग्राम भरला की जुनी अवस्था नव्या मांडणीत वाचली जाऊ नये.

व्हेरिएबलांची नावं मराठीत, अहिराणीत ठेवता येतील का?

तुमच्या भाषेत खुशाल ठेवा. सीमध्ये उतरवताना मात्र बदला. सी९९मध्ये देवनागरी अक्षरं नावात चालतात, पण जीसीसीने ती थेट यूटीएफ-८मध्ये स्वीकारायला आवृत्ती १० उजाडली. बाहेरच्या नावांची हमी फक्त पहिल्या ३१ चिन्हांची आहे आणि त्यात प्रत्येक देवनागरी अक्षर सहा चिन्हांचं धरलं जातं. म्हणजे पाचच अक्षरं. तेव्हा प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक सोळा-आधारी अंकांत लिहा किंवा नुसते न१, न२ असे क्रमांक द्या, आणि मूळ नाव शेजारी शेऱ्यात छापा. पुढे स्वतःचा उपसर्ग लावाच. नाहीतर कोणी व्हेरिएबलला ‘इंट’ किंवा ‘मेन’ नाव देतो.

त्याआधी नावं एकसारखी करून घ्या. ‘पंप_चाली_ऱ्हायना’मधला ‘ऱ्ह’ तीन तऱ्हांनी टाइप होतो: (१) ऱ आणि हलंत; (२) र, नुक्ता आणि हलंत; (३) र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (जोडणारं अदृश्य चिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या केलेल्या रूपात एक होतात, तिसरा होत नाही. तो तुम्हाला हाताने बदलावा लागेल. हे न केल्यास ‘हे नाव जाहीर केलेलं नाही’ अशी चूक येते आणि बघणारा चक्रावतो, कारण नाव तर समोर दिसतंय.

मराठी मजकूर स्ट्रिंगमध्ये कसा छापावा?

यूटीएफ-८चे बाइट तीन अंकी आठ-आधारी रूपात: ‘क’ म्हणजे \३४०\२४४\२२५. सोळा-आधारी रूप वापरू नका. ते पुढचा अंक किंवा ए ते एफमधलं अक्षर सापडलं की तेही गिळतं. आठ-आधारी रूप तीन अंकांवर थांबतं. लागोपाठ दोन प्रश्नचिन्हं आली तर त्यातलं एक असंच मोडून छापा, नाहीतर जुन्या मोडमध्ये ट्रायग्राफ होतो, म्हणजे तीन चिन्हांचं मिळून एकच चिन्ह बनतं. एव्हीआरवर स्ट्रिंग प्रोगमेममध्ये (फ्लॅश मेमरीत) ठेवा. नुसतं कॉन्स्ट लिहून भागत नाही, ती तरीही रॅम खाते. (१६×२च्या साध्या एलसीडीवर मराठी दाखवायचा विचार असेल तर आधीच सांगतो: तिच्यात स्वतःची अक्षरं आठच भरता येतात.)

रिकर्शनने लिहिलेला लूप स्टॅक फोडतो. टेल कॉलचं काय करावं?

टेल कॉल म्हणजे फंक्शनच्या अगदी शेवटी केलेला कॉल, तो स्टॅक न वाढवता करता येतो. सी त्याची हमी देत नाही. ‘-ओ२’वर पुष्कळदा होतो, ‘-ओ०’वर होत नाही. फंक्शन स्वतःलाच बोलवत असेल तर किमती बदला आणि सुरुवातीला गोटू. एकमेकांना बोलवणारी फंक्शनं असतील तर ट्रँपोलिन: प्रत्येक फंक्शन पुढच्याचा पॉइंटर परत देतं आणि बाहेरचा एक लूप तो चालवत राहतो. हे हळू आहे, पण सगळीकडे चालतं. क्लँग १३पासून आणि जीसीसी १५पासून ‘मस्टटेल’ (टेल कॉल झालाच पाहिजे) ही खूण मिळते. हेन्री बेकरची युक्ती वेगळीच होती: रिटर्न करायचंच नाही, स्टॅक भरत आला की जिवंत वस्तू हीपवर उचलायच्या आणि लाँगजंपने (मागच्या जागी थेट उडी मारणाऱ्या फंक्शनने) स्टॅक रिकामा करायचा. चिकन स्कीम त्यावरच उभी आहे.

कचरा गोळा करायचा असेल तर?

सी कंपायलर पॉइंटर रजिस्टरमध्ये लपवतो, त्यामुळे मुळं (जिथून वस्तूंपर्यंत पोचता येतं ते पॉइंटर) सापडत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे बोएमचा कलेक्टर. तो स्टॅकवरच्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने बघतो आणि पॉइंटरसारखा दिसला तर पॉइंटर धरतो. नेमकेपणा हवा असेल तर शॅडो स्टॅक: प्रत्येक फंक्शनची पॉइंटर व्हेरिएबलं एका स्ट्रक्टमध्ये, आणि ती स्ट्रक्टं एकमेकांना जोडलेली. यात वस्तू हलवताही येतात. मेमरी मागू शकणाऱ्या प्रत्येक कॉलनंतर पॉइंटर स्ट्रक्टमधून पुन्हा वाचायचा, तात्पुरत्या प्रतीवर विसंबायचं नाही. ‘पाळी’ला यातलं काहीच लागत नाही, २ केबीत हीप नकोच.

अपवाद (चूक घडली की मधूनच बाहेर पडण्याची सोय) कसे उतरवायचे?

प्रत्येक फंक्शनने स्थिती-क्रमांक परत द्यावा आणि कॉलनंतर ‘शून्य नसेल तर सफाईच्या लेबलवर गोटू’ एवढं छापावं. सेटजंप-लाँगजंप छोटं दिसतं, पण दोघांच्या मध्ये बदललेलं स्थानिक व्हेरिएबल व्होलटाइल नसेल तर त्यात काय उरतं याची खात्री नाही.

डिबगरमध्ये मूळ भाषेच्या ओळी दिसाव्यात म्हणून काय करायचं?

प्रत्येक विधानाआधी #लाइन, ओळ क्रमांक आणि मूळ फाइलीचं नाव छापा. जीडीबी हा डिबगर मग ‘पाळी’च्या ओळीवर थांबतो. रनटाइमच्या फंक्शनांत शिरताना #लाइनने परत सी फाइलीकडे वळवा, नाहीतर जीडीबी भलतीच ओळ दाखवत राहतो. कंपायलरचाच दोष शोधत असाल तेव्हा #लाइन बंद करणारा पर्याय हवा. तेव्हा सीच बघायची असते.

मोठा प्रोग्राम दिला की सी कंपायलर अडतो किंवा फार वेळ लावतो.

सी९९ची किमान हमी अशी: कंसांची ६३ थरांची घडी, ब्लॉकची १२७, एका स्विचमध्ये १०२३ केस, एका स्ट्रिंगमध्ये ४०९५ चिन्हं. जीसीसी याच्या कितीतरी पुढे जातं, बाकीचे जातीलच असं नाही. एक ओळ-एक क्रिया पाळली असेल तर कंसांचा प्रश्न उरत नाही. मोठे तक्ते स्ट्रिंगऐवजी बाइटांच्या अ‍ॅरेत छापा. हजारो ओळींचं एकच फंक्शन आलं की ऑप्टिमायझर रेंगाळतो, म्हणून नियमागणिक फंक्शन ठेवा. फाइल आधी बाजूला लिहून जुनीशी ताडा आणि बदल असेल तरच बदला. मग मेक (बांधणी करणारं साधन) पुन्हा सगळं बांधत बसत नाही. रोजच्या कामात फाब्रिस बेलारचा टीसीसी हा कंपायलर वापरा, तो ऑप्टिमाइझ करत नाही पण निमिषात बांधतो.

चाचणी कशी करावी?

आधी त्याच सिंटॅक्स ट्रीवर (पार्सरने बनवलेल्या रचनेवर) चालणारा एक हळू इंटरप्रिटर (सी न काढता प्रोग्राम थेट चालवणारा) लिहा. दोनतीनशे ओळींत होतो. मग प्रत्येक नमुना प्रोग्राम पाच वाटांनी चालवा: इंटरप्रिटर, जीसीसी ‘-ओ०’ आणि ‘-ओ२’, क्लँग ‘-ओ०’ आणि ‘-ओ२’. पाचही उत्तरं जुळली पाहिजेत. शिवाय ‘एफ-सॅनिटाइझ=अनडिफाइन्ड,अ‍ॅड्रेस’ हा चालताना चुका पकडणारा पर्याय लावून एकदा; पण तेव्हा ‘एफ-रॅप-व्ही’ काढून टाका, नाहीतर ओसंडणं झाकलं जातं. मिलिसच्या जागी हवा तो आकडा देणारं खोटं फंक्शन ठेवा आणि ते ४२९४९६७०००पासून सुरू करा, म्हणजे ४९ दिवस वाट न बघता शून्यावर येणं ३०० मिलिसेकंदांच्या आत घडतं. निघालेली सी गिटमध्ये ठेवून प्रत्येक बदलानंतर फरक वाचा. इशारे दाखवणारे पर्यायही एकदा लावून बघा. न वापरलेल्या लेबलांचे इशारे सोडून द्या, पण ‘न भरलेलं व्हेरिएबल’ असा एकही राहता कामा नये.

सीऐवजी जावास्क्रिप्ट काढली तर?

ब्राउझरमध्ये नियम चालवून दाखवायचा असेल तर चांगलं आहे. तिथे सगळे आकडे डबल असतात, म्हणून ३२ बिटांच्या बेरजेनंतर ‘|०’ लावा आणि गुणाकाराला मॅथ.आयमूल वापरा; साध्या गुणाकारात २चा ५३वा घात ओलांडला की खालचे अंक हरवतात. गोटू नाही, त्यामुळे स्टेट मशीन लूपमधल्या स्विचने करावी लागते. #लाइनच्या जागी सोर्स मॅप (निघालेल्या ओळी मूळ ओळींशी जोडणारी फाइल). किंवा काढलेली सीच एमस्क्रिप्टेन या कंपायलरने वेबअसेंब्लीत (ब्राउझरला चालवता येणाऱ्या कोडमध्ये) न्या. अंकगणिताची हेडर फाइल तीच चालते आणि दुसरा बॅकएंड सांभाळावा लागत नाही.

जीसीसीने बांधलं म्हणून आमचा प्रोग्राम जीपीएलखाली (सोर्स खुला करायला लावणाऱ्या परवान्याखाली) येतो का?

नाही. जीसीसीच्या रनटाइम लायब्ररीला त्यासाठी स्वतंत्र सवलत दिलेली आहे. मात्र तुमच्या कंपायलरसोबत जी हेडर फाइल आणि रनटाइम प्रत्येक प्रोग्राममध्ये जातं, त्याचा परवाना तुम्हीच स्पष्ट लिहा. कंट्रोलर विकणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.